मातीला हात लावला त्याची हकीकत

हळद पेठ, सांगली
माघ वद्य पंचमी, शके १८६५

राजमान्य राजश्री नाथाजीराव यांस, कोंडीबाचा दोन्ही हात जोडून रामराम.

आपल्या घरची लहानथोर मंडळी, गोठ्यातली जनावरे, विहिरीचे पाणी आणि आपला डावा गुडघा ही सर्व ठीक असावीत, अशी मागणी रोज सकाळी गणपतीपुढे उभा राहून करतो. (हल्ली आपला कोणता गुडघा दुखतो ते ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी डावा होता. मी दोन्हींसाठी मागतो, देवाला त्यात वेगळे श्रम नाहीत.) आपली बहीण चंद्राबाई गेली, तिचे दिवस घालून आपण रहिमतपूरच्या गाडीत बसलात, त्यानंतर आपले पत्र नाही आणि माझेही नाही. यात दोष कोणाचा हे मी बराच काळ ठरवीत होतो. शेवटी तो माझाच निघाला, म्हणून पत्र मी लिहीत आहे. माझी प्रकृती उजवा खांदा, मान, कंबर आणि दोन्ही पोटऱ्या सोडल्यास उत्तम आहे. एवढे अवयव का सोडावे लागले तेच आपणास सविस्तर कळवावयाचे आहे. कारण पेठेतून परत जाणाऱ्या गाड्यांबरोबर सामानापेक्षा बातम्या जास्त जातात, आणि कोंडीबाने पन्नाशीच्या उंबऱ्यावर लंगोट लावून सर्कशीतल्या अस्वलाशी कुस्ती केली, अशी एक बातमी औंधपर्यंत पोचल्याचे मला परवाच समजले. त्यात लंगोट खोटा आहे आणि अस्वलही खोटे आहे. कुस्ती मात्र खरी आहे.

आधी इथली परिस्थिती सांगतो. लढाई तिकडे समुद्रापलीकडे आणि तिच्यासाठी खेळ इकडे, असे या शहराचे सध्या चालले आहे. साखर कार्डावर, रॉकेलला रांग, कापडाला चिठ्ठी, पण वॉर फंडाचा खेळ मात्र दर पंधरवड्याला न चुकता. मागे डॉक्टर विरुद्ध वकील असा फुटबॉलचा सामना झाला, त्यात चेंडू नदीत गेला आणि सांगलीत दुसरा चेंडू नसल्याने सामना बरोबरीत सुटला. पोलीस आणि मास्तर यांची रस्सीखेच झाली, तेव्हा जुना दोर मधोमध तुटून दोन्ही पक्ष एकाच वेळी पाठीवर पडले, आणि आपण जिंकलो असे दोन्ही पक्ष अजून सांगतात. सर्कस आली होती, पण तिची निम्मी माणसे पलटणीत गेलेली. जो माणूस विदूषक होऊन हसवी तोच तोंड पुसून तारेवर चाले आणि तोच शेवटी सिंहाच्या पिंजऱ्यात जाई. (सिंह इतका शांत होता की मला तो एकादशी करणाऱ्या माणसासारखा वाटला. पुढे कळले की त्याच्याही खाण्याची टंचाई होती.) मला यातले काही फार आवडते असे नाही. शेजारचे दुकानदार जयपाल मला टोचतात, "काय कोंडीबा, सरकारच्या फंडाला निघाला व्हय? लय पुढारी झालाय." मी हसून पुढे जातो. खोलीचे कुलूप उघडले की आत आपल्याच चपलांचा आवाज येतो. खेळाला गेले की पाचशे माणसे एकदम हसलेली ऐकू येतात. तिकिटात एवढे मिळाले की मला पुरते.

आता लालासाहेबाचे. आपण त्याचे मामा आहात, तेव्हा ठाऊक असलेलेच पुन्हा लिहितो. पोरगा आठ वर्षे तालमीत गेला आणि आठ वर्षे मी त्यावर नाराज राहिलो. मातीत लोळून कोणाचे भले झाले, असे मी उठता-बसता म्हणे, आणि चंद्राबाई मधे उभी राहून दोघांना जेवायला वाढी. ती गेल्यावर मधे उभे राहायला कोणी उरले नाही. एक दिवस मी तालमीत जाऊन खुंटीवरचा त्याचा लंगोट काढून आणला आणि बंबात घातला. त्याच पाण्याने त्याने अंघोळ केली, माझ्या पाया पडला, आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन पलटणीत नाव घातले. त्याला आता दोन वर्षे होतील. मला एक कार्डसुद्धा नाही. पोस्टमनला मी इतक्या वेळा विचारले की हल्ली मी दारात दिसलो तर तो आधी पलीकडच्या गल्लीत जातो. कोणत्या देशात आहे, आहे की नाही, हेही मला कळण्याची सोय नव्हती.

अशात पंधरा-वीस दिवसांपूर्वी पेठेत एक हस्तपत्रक वाटले गेले. नदीकाठच्या मैदानात रविवारी वॉर फंडासाठी जंगी कुस्त्या, आणि नुकतेच आघाडीवरून आलेले एक शूर जमादार यांच्या हस्ते बक्षीस समारंभ. शूर जमादारांचे नाव छापताना शाई उडाली होती, पण पलटण मराठ्यांची, एवढे वाचता आले. मी ते पत्रक घडी करून देवाच्या तसबिरीमागे ठेवले. आघाडीवरून आलेला माणूस म्हणजे लालाला पाहिलेला माणूस, असे माझे गणित. (आघाडी केवढी असते याची मला कल्पना नव्हती. मला ती आपल्या यमाईच्या यात्रेएवढी वाटत होती, जिथे गावची माणसे एकमेकांना भेटतातच.) आयुष्यात कुस्तीचे मैदान पाहिले नव्हते, ते पाहायला निघालो. बरोबर दोन भाकरी आणि विचारायचे प्रश्न पाठ करून घेतले. जिवंत आहे का, हा प्रश्न मी शेवटी ठेवला होता आणि जेवतो का नीट, हा पहिला.

मैदानात माणूस मावत नव्हता. मधे तांबड्या मातीचा आखाडा, भोवती माणसांच्या भिंती, आणि आखाड्याच्या पलीकडे मांडव घालून केलेला मंच. त्यावर साहेबलोक, बँड, कर्णा आणि मधल्या खुर्चीत जमादार. मी होतो बरोबर समोरच्या बाजूला. डावीकडून गेलो तर पोलीस, उजवीकडून गेलो तर गुळाच्या व्यापाऱ्यांची मंडळी, दोघेही न हलणारे. तीन तास मी जमादारांकडे लांबून पाहत राहिलो. लहान कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या, आणि बक्षीस घेऊन झालेला जो तो मंचावर जाऊन जमादारांशी दोन शब्द बोलून येत होता. शेवटी मला असे दिसू लागले की खेळ संपला की जमादार उठणार, मोटारीत बसणार आणि पेट्रोलचे कूपन संपायच्या आत निघून जाणार. तेव्हा मी ठरवले की आखाड्याच्या कडेकडेने सरळ पलीकडे जायचे.

आता माझ्यासारखा माणूस मातीवर पाय ठेवताना काय करील? आखाडा मारुतीरायाचा. न विचारता चपला घालून तिथून जाणे माझ्याने होईना. मी चपला काढून काखेत धरल्या, वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि डोळे मिटून देवाचे नाव घेतले. डोळे उघडले तेव्हा हलगी थांबली होती आणि सबंध मैदान माझ्याकडे पाहत होते.

झाले असे होते की, त्याच वेळी एक पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी घालीत होता. ज्याला आपली जोड मिळत नाही तो असा फिरतो, आणि त्याच्या फेरीत जो मातीला हात लावून कपाळाला लावील तो त्याचा जोडीदार ठरतो. हा इथला रिवाज आहे. शेंबड्या मुलालाही ठाऊक आहे. ज्याचा मुलगा आठ वर्षे तालमीत गेला त्या बापाला तेवढा ठाऊक नव्हता. मी एकदा जरी लालाची कुस्ती बघायला गेलो असतो तरी कळले असते. हे मला तिथे उभ्या उभ्या सुचले, आणि पुढच्या सगळ्या फजितीपेक्षा याचीच लाज जास्त वाटली.

पैलवानाचे नाव बाळगोंडा. नदीपलीकडचा जैन शेतकरी, पंचावन्नाच्या घरात, मिशा पांढऱ्या, छाती आपल्या धान्याच्या कणगीसारखी. मी पंचांना सांगणार होतो की चूक झाली. पण तोवर बाळगोंडा धावत आला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन म्हणाला, "लय उपकार झालं बघा पाव्हणं. दोन वर्सं हात वर करून फिरतोय, कोण मातीला हात लावंना. तरणी पोरं म्हणत्यात म्हातारा पडला तर पाप लागंल. माझ्या जोडीचं समदं गेलं." त्याचा चेहरा असा उजळला होता की नाही म्हणायला माझी जीभ वळेना. आपल्याला जोड नाही म्हणून गर्दीत हात वर करून फिरणे म्हणजे काय, हे मला थोडे समजत होते.

मग कपड्यांचा तंटा झाला. कोणीतरी लंगोट पुढे केला. मी म्हटले, हे या जन्मी व्हायचे नाही. पंचांनी वाटाघाटी केल्या आणि शेवटी कोट, सदरा आणि पागोटे उतरवून, धोतराचा काष्टा घट्ट मारून लढावे असे ठरले. गर्दीत आमच्या पेठेतले, माझ्या काट्यावर रोज पोती आणणारे हमाल होते. त्यांनी मला ओळखले आणि एकच गिल्ला केला. "आवं मापाडी, तुमी व्हय? जपून, काटा मारू नका." दुसरा म्हणाला, "मापाडी, आदी उचलून वजन तर सांगा किती भरतंय." माझी भाकरीची पुरचुंडी त्यांच्यातल्या एकाने सांभाळायला घेतली. (ती परत मिळाली, भाकरी नाही.)

हलगी पुन्हा सुरू झाली. बाळगोंडाने माझ्या मानेत हात घातला, मी पाहून पाहून त्याच्या मानेत घातला, आणि त्याने मला जवळ ओढून कवळ घातली. नाथाजीराव, एक गोष्ट लिहितो, वाचून विसरून जा. चंद्राबाई गेल्यापासून मला कोणी जवळ घेतले नव्हते. पेठेत माणसाला माणूस घासतो, पण तो वाट काढण्यासाठी. इथे एका अनोळखी माणसाने मला छातीशी धरले, त्याच्या अंगाला मातीचा आणि कडू तेलाचा वास येत होता, लालाच्या अंगाला येई तसाच, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लोकांना वाटले डोळ्यांत माती गेली. कोणी ओरडले, "म्हाताऱ्याला बघूंद्या की नीट." बाळगोंडाला मात्र पाणी खांद्यावर लागले. तो माझ्या कानात म्हणाला, "पाव्हणं, डाव कुठला येतुया?"

"एकही नाही."

"मग मातीला हात का लावला?"

"नमस्कार केला."

त्याने मला तसेच धरून ठेवले. मग म्हणाला, "आता सोडलं तर लोक दोघांना बी धोंडं मारतील. हळूहळू गोल फिरूया." आम्ही फिरू लागलो. बाहेरून लोकांना वाटत होते की दोन जुने पैलवान एकमेकांचा अंदाज घेत आहेत. आत मी त्याला लालाची सगळी हकीकत सांगत होतो. पहिल्या फेरीत चंद्राबाई गेली, दुसऱ्या फेरीत लंगोट जळला, आणि तिसऱ्या फेरीत मी जमादारापर्यंत आलो. (एवढे मोकळेपणाने मी तीन वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो.) बाळगोंडाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग वर जाया पायजे तुमाला. वर जातोय जिंकलेला. मी पडतो."

मी म्हटले, "मारुतीच्या मातीत खोटी कुस्ती मला नको."

"मारुती तुमचा, खोटं माझं," तो म्हणाला. "तुमी कशाला मधी पडता? फकस्त लगीच पडलो तर गावात त्वांड दावाय जागा न्हाई. जरा दमवा मला."

त्याला दमवणे हे या कामातले सर्वांत कठीण होते. मी त्याला ढकलले, ओढले, एकदा तर पोते उचलतो तशी कंबर धरून उचलू लागलो, आणि माझा उजवा खांदा तिथेच गेला. तो जागचा हलला नाही. त्याची इच्छा असूनही त्याला पाडता येईना, अशी माझी ताकद. शेवटी मी दमून त्याच्यावर नुसता टेकलो, तेव्हा त्याने मोठ्याने "अगागागा" केले, एक पाय आपणच दुसऱ्या पायात अडकवला आणि मला छातीवर घेऊन पाठीवर आडवा झाला. वरून दिसले असेल की मी त्याला चीत केले. खरे म्हणजे त्याने मला अलगद खाली उतरवले, कडेवरच्या मुलाला उतरवावे तसे. मी उठू लागलो तर दात आवळून म्हणाला, "उठू नका, पंचास्नी दिसूंद्या." मग टोप्या उडाल्या.

दोन वर्षे वाट पाहून मिळालेली ती त्याची बहुतेक शेवटची कुस्ती होती, हे मला घरी येईपर्यंत सुचले नाही. त्याने ती अशी देऊन टाकली.

मी मंचावर गेलो. जमादार जवळून लालापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठा दिसला. बक्षिसाचा फेटा तो माझ्या डोक्याला बांधू लागला. मी पाठ केलेले सगळे विसरलो आणि म्हणालो, "माझा मुलगा तिकडं हाय." तो लगेच म्हणाला, "खुशाल हाय." मी नावसुद्धा सांगितले नव्हते. तेवढ्यात माझ्यामागून रंगूबाई म्हणून एक कुरणात गवत कापणारी म्हातारी पायऱ्या चढून आली. पोलिसांना कसे चुकवले ते तिलाच ठाऊक. तिने नातवाचे विचारले. तिलाही तो म्हणाला, "खुशाल हाय." ती त्याच्या गालावरून हात फिरवून, कडाकडा बोटे मोडून, समाधानाने खाली उतरली. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा त्याने फेट्याचे टोक खोचायच्या निमित्ताने वाकून मला हळू सांगितले, "बाबा, मी सात म्हैने दवाखान्यात हुतो. मला कुणाचंच काय ठावं न्हाई. पन न्हाई म्हणाय त्वांड हुईना."

मी म्हटले, "बरोबर केलंस." आणि त्याला विचारले, "तू जेवतोस का नीट?" तो हसला. पाठ केलेल्यापैकी तेवढा एक प्रश्न कामी आला.

संध्याकाळी हमालांनी मला हलगी वाजवत पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आणले. तिथून त्यांचा रस्ता वेगळा. मी गल्लीत फेटा बांधून एकटाच चालत गेलो, कुलूप काढले, आणि आत गेल्यावर फेटा कोणाला दाखवावा हे समजेना, म्हणून तो तसाच डोक्यावर ठेवून भात शिजवला. देवापुढे दिवा लावला. मारुतीला म्हटले, खोट्या जयाची शिक्षा द्यायची ती मला दे, बाळगोंडाला नको, तो तसाही तुझा नाही. दुसऱ्या दिवसापासून खांदा, मान, कंबर आणि पोटऱ्या यांनी शिक्षा सुरू केली आहे. रोज गरम दुधात हळद घेतो, लेपही लावतो. बाकी कशाची टंचाई असली तरी तिची इथे नाही. बाळगोंडा काल बाजाराला आला तेव्हा काट्याजवळ येऊन विचारपूस करून गेला. पुढच्या मैदानाला मी नुसता बघायला जाणार आहे. तो म्हणतो, रिवाज सगळे समजावून सांगीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपावे. मी लिहिले यात काही अधिक-उणे वाटल्यास माझे वय आणि खांदा पाहून पदरात घ्यावे.

आपला,
कोंडीबा

ता. क. अस्वलाची बातमी मला ज्यांनी सांगितली ते आपल्या गावचे आप्पासो. परवा माल घेऊन आले होते. अस्वलावर हसून झाल्यावर ते सहज म्हणाले, "लालाचं पत्र येतंय की दोन-दोन म्हैन्यानं नाथाजीतात्याकडं. तुमाला ठावं न्हाई व्हय?" मी म्हटले, ठाऊक आहे. नंतर त्यांचे एक पोते मी तीन वेळा तोलले आणि तिन्ही वेळा वजन विसरलो. आपण मला कळवले नाही यात मला राग नाही. त्याने शपथ घातली असेल. तो जिवंत आहे एवढे मला कळले, आणि परवा प्रथमच मी गणपतीपुढे काही न मागता उभा राहिलो. आपला गुडघासुद्धा त्या दिवशी राहिला, माफी असावी.

दुसरा ता. क. त्याचा पत्ता मागत नाही. मी लिहिले तर अक्षर पाहूनच तो बाजूला ठेवील. पण हे पत्र आपल्या पाकिटातून त्याला पाठवावे, एवढी विनंती आहे, आणि हे लिहिले ते त्यासाठीच. पाठवण्यापूर्वी काही मजकूर खोडावा. हस्तपत्रक आणि जमादार खोडावे. रात्रंदिवस पोस्टमनची वाट पाहण्याचे खोडावे. कवळ घातली तेव्हाचे डोळ्यांतले पाणी खोडावे. हे दोन्ही ता. क. तर खोडावेतच. बाप आपल्या मनाने कुस्ती बघायला गेला आणि वेड्यासारखा आखाड्यात सापडला, एवढेच राहू द्यावे. त्याला हसू येईल. आले तर मला कळवावे. न आले तर कळवू नये.

तिसरा ता. क. खोडताना रेघ एकच आणि बारीक ओढावी. त्याची नजर आईसारखी आहे, खालचे त्याला वाचता येईल.